लिंबा, बोट लागली

लिंबा, डेपोतली पोरं परवा घरी आली होती. तुझा फोटो लावून खाली काहीतरी लिहायचंय, फळ्यावर लावायचंय, बापू तुमीच लिहा म्हणाली. तू कुठं जन्मलास, नोकरीला कधी लागलास, कधी सुटलास, ते त्यांनी तुझ्या घरी वहिनींकडून आधीच लिहून घेतलं होतं. म्हटलं, मग माझ्यासाठी काय ठेवलंय? तर एकजण म्हणतो, "आठवणी." आता आपल्या आठवणी त्या पोरांना सांगून काय कळणार? म्हणून मी तुलाच सांगतो, त्यांना वाचायच्या तर वाचू देत. जरा शुद्ध लिहितोय, हसू नको. मास्तरांनी छडीनं शिकवलेलं अजून थोडंफार शिल्लक आहे.

ह्यात एक गोष्ट अशी येणार की ती फळ्यावर लागली की माझी इज्जत गेलीच. तू आणि मी सोडून ती कुणाला ठाऊक नव्हती, निदान मला तरी तसं वाटत होतं. पण ती सांगितल्याशिवाय तू पुरता सांगून होत नाहीस.

तर ऐका पोरांनो. हा बापू ड्रायव्हर, ज्यानं उभा जन्म लाल गाडी हाकली, घाटात ज्याच्या मागं प्रवासी घोरत झोपायचे, त्या बापूला गाडी लागते. स्टेअरिंग हातात असलं तर काही होत नाही. पण प्रवासी म्हणून मागं बसवा, तासाभरात तोंड हिरवं. जन्मभर फलाटाला गाडी लावली मी, आणि मलाच गाडी लागायची. हे वाक्य तुझंच आहे, लिंबा. तू ते कितीदा बोललास आणि दरवेळी पहिल्यांदा सुचल्यासारखा हसलास.

तुला कळलं ते परळीच्या रस्त्यावर. मी ड्रायव्हर, तू कंडक्टर, आपली गाडी बंद पडली, प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवले, आपण पण त्याच गाडीत मागं बसलो. पुढं वीज केंद्राच्या राखेचे टँकर, धुराळा, खिडक्या बंद, आणि त्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर नाचतोय. मला दरदरून घाम फुटला. शेजारची म्हातारी म्हणाली, "ड्रायव्हरसायबाला काय झालं वो?" तू तिथल्या तिथं सांगितलंस, "इंजिनापशी बसून बसून ऊन लागलंय, मावशी." मग पिशवीतून लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलंस. लिंबानं लिंबू दिलं, हा पण तुझाच विनोद.

पण मला बरं वाटलं ते लिंबाच्या वासानं नाही, तुझ्या प्रश्नानं. "बापू, पुढं काय हाय?" मी डोळे मिटूनच सांगितलं, डावं वळण हाय. "मग?" मग नाला. नाल्यावर खड्डा, डाव्या अंगाला. "मग?" मग चढ, तिथं दुसरा गिअर. आणि लिंबा, जसजसं सांगत गेलो तसतसं पोट खाली बसत गेलं. हात रिकामे होते, पण डोकं गाडी चालवायला लागलं होतं. त्या दिवसापासून कुठंही मागं बसून जायची वेळ आली की तू शेजारी बसून विचारायचास, पुढं काय हाय. लोकांना वाटायचं, कंडक्टर रस्ता शिकतोय.

मी म्हटलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. तू म्हणालास, आईची आन. तुझ्या आईची अशी आन तू डेपोत दिवसाला चार वेळा घ्यायचास, तरी मी विश्वास ठेवला.

आता बोटीचं. ते खूळ तुझंच. नोकरीतून सुटल्यावर लोक काशीला जायचं म्हणतात, तू म्हणालास समुद्रात जायचं. का, तर "जिथं मधीच कुणी चढत न्हाई, कुणी उतरत न्हाई, सुट्ट्यावरून कुणी भांडत न्हाई, अशा एका गाडीत मला निवांत बसायचंय." माझ्या मुंबईच्या पोरीनं हे ऐकलं आणि आपल्या चौघांची मोठ्या बोटीवर सोयच करून टाकली. दिवाळीनंतर मुंबईहून निघायचं, लक्षद्वीपपर्यंत जायचं आणि परत यायचं. तू नाचलास. माझ्या बायकोनं, मंगलनं, नव्या साडीला फॉल लावायला टाकला. आणि मी म्हशीला पाणी दाखवायला उठलो. आपल्या कड्यासारख्या कोरड्या गावात राहून मी समुद्र एकदाच पाहिलेला, तोही काठावरून, पायाखालची वाळू सरकली तेव्हा मागं पळालो होतो.

त्यात तो फोन आठवतो का? त्या बोटीच्या ऑफिसातून बाई बोलत होती, स्पीकर चालू होता, आपण माझ्या ओसरीत चहा पीत होतो. बाई म्हणाली, "बोट लागली की मेसेज येईल, मग सगळ्यांनी चढायचं." मंगल तिथंच शेंगा फोडत बसली होती. ती म्हणते, "लागल्यावर चढायचं? लागायच्या आधी गोळी घ्यायची असती, येवढं बी कळंना का ह्या बाईला?" तुझा चहा नाकात गेला. मग तू तिला समजावलंस, "वहिनी, फलाटाला गाडी लागती का न्हाई? तशी धक्क्याला बोट लागती." आणि माझ्याकडं बघून डोळा मारलास. "पोटात लागायची बोट येगळी," म्हणालास. मी पायानं तुझा पाय दाबला.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचास, "बोट म्हंजी पाण्यावरची गाडी, दुसरं काय बे?" मी म्हणायचो, गाडीला रस्ता असतो. रस्त्याला वळण असतं, पूल असतो, कुठलं झाड कुठं आहे ते मला ठाऊक असतं. समुद्रात तू विचारणार पुढं काय हाय, आणि मी काय सांगणार? पाणी. मग? पाणी. त्यात टीव्हीवाले रोज कमी दाबाचा पट्टा दाखवायचे. एरवी कमी दाब म्हटलं की आपल्याकडं वेचणीला आलेल्या कापसाची काळजी. मी एकटाच गावात असा, ज्याला पोटाची काळजी.

तू म्हणालास, सराव करू. सौताड्याच्या घाटातून मागच्या सीटावर बसून कपिलधारला जाऊ. मागून रस्ता दिसत नाही, समुद्रातही दिसत नाही, सारखंच. ह्या वयात दोन म्हातारे रिकाम्या पुढच्या जागा सोडून मुद्दाम शेवटच्या सीटावर जाऊन बसले, तेव्हा कंडक्टर पोरगी आपल्याकडं संशयानं बघत होती. तू तिला म्हणालास, "आमी हितंच बरं हाओत, लेकरा. जरा हादरं खायचेत." घाटात तू मुद्दाम एक शब्द बोलला नाहीस. पुढं काय हाय विचारलं नाहीस. म्हणालास, आज बिनामदतीचं बघू. बघितलंस मग. मांजरसुंब्याला उतरलो तेव्हा मी हातगाडीवाल्याच्या मागं जाऊन सकाळची भाकरी परत केली.

कपिलधारला धबधब्याच्या समोर पायऱ्यांवर बसलो. पाणी बारीक झालं होतं, तरी तुषार अंगावर येत होते. मी स्पष्ट सांगितलं, मी बोटीवर येत नाही, तुमी तिघं जावा. तू म्हणालास, "कावून बे? का न्हाई येणार? पोटाचा दोष न्हाई तुझ्या. तुला पुढचं कळलं न्हाई की तू भेतोस. सारी माणसं तशीच असतेत, फक्त ती ओकत न्हाईत." मी म्हटलं, ज्ञान नको शिकवू. तू म्हणालास, "मग मंगलवहिनीला सांगतो. ती आणंल तुला ओढत." तिथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. तू हसलास. म्हणालास, "मग मी बी दाखवणार न्हाई."

येताना तू मला पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला बसवलंस. आपण बोललो नाही फारसं, पण भांडण म्हणावं असंही ते नव्हतं. आपली अशी भांडणं रस्त्यात कितीदा सुटून गेली. माझ्या घरी चहा घेतलास, मी म्हशीकडं गेलो, तू मंगलशी बोलत बसलास. जाताना फाटकावर दोनदा ठक ठक केलंस. एक बेल थांब, दोन बेल चल. नोकरी सुटली तरी तुझ्या बोटातून ती डबल बेल गेली नाही. कुणाकडूनही निघताना दारावर, खांबावर, ताटाच्या काठावर तू दोनदा वाजवायचासच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवा झालास तो उठला नाहीस. वहिनी म्हणाल्या, कुशीवर होते, मला वाटलं झोपलेत.

त्या दिवसाचं मी फार लिहीत नाही. एवढंच सांगतो. तिरडी उचलायची वेळ आली, चौघांनी खांदे लावले, कुणीतरी म्हणालं चला. पण आपला नियम होता ना, बेलशिवाय गाडी हलवायची नाही. माझा हात आपोआप बांबूवर दोनदा पडला. जन्मात पहिल्यांदा बेल ड्रायव्हरनं दिली. लोकांना ते कळलं नाही. वहिनींना कळलं, त्यांनी पदर तोंडात धरला.

तेरावं झाल्यावर मी वहिनींना सांगितलं, आम्ही काही बोटीवर जात नाही. मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं, हे पण लिहितो. कारण आयतंच मिळालं होतं आणि त्याला कुणी नाव ठेवणार नव्हतं. उलट गेलो असतो तर ठेवलं असतं. चहाच्या टपरीवर एकजण बोललाच होता, दोस्ताची राख गार व्हायची हाय अन् बापूला बोट सुचतीय. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कावून न्हाई जात, भाऊजी?" म्हटलं, लिंबाशिवाय कसं जमायचं? त्या म्हणाल्या, "मला त्यांच्याबिगर हितून पुढचे सारे दिस काढायचेत. तुमाला चार काढायचेत. जावा."

तर लिंबा, मी बोटीवर चढलो.

तुला आवडली असती. सात-आठ मजल्यांची, आपला सगळा स्टँड तिच्या पोटात बसेल. पण ड्रायव्हर कुठं बसतो ते काही दिसलं नाही. मी जाऊन विचारलं, तर गणवेशातला पोरगा म्हणाला, तिथं पाहुण्यांना जाता येत नाही. म्हटलं, बाबा, मी पण ड्रायव्हरच आहे. तो छान हसला आणि मला जेवणाचा हॉल दाखवला. पहिल्या दिवशी पाणी एकदम निपचित. मंगल फोटो काढत फिरली. मी सारखा आकाशाकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्यावर सांगितलं, आज समुद्र थोडा खवळलेला राहील, कठड्याला धरून चाला. ते बोलणं झालं आणि बघतो तर जिन्याच्या कठड्यावर जागोजागी कागदी पिशव्या खोचलेल्या. कशासाठी ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या पिशव्या बघूनच माझं अर्धं काम झालं. जेवण वाढणाऱ्या पोरीनं मला हिरवं सफरचंद दिलं, म्हणाली हे खा काका, आणि वरच्या मजल्यावर नका जाऊ, खाली मधोमध बसा, तिथं कमी हलतं. बरोबर आहे. मागच्या चाकावरच्या सीटाला जास्त हादरे आणि मधल्याला कमी, हे मला कळायला हवं होतं.

आम्ही खालच्या डेकवर, मधोमध, कठड्याजवळ बसलो. बोट वर चढली की पोट खाली राहायचं, बोट खाली आली की पोट वर. एकदा ओकलो, खोटं कशाला बोलू. मंगलला म्हटलं, सकाळचं खोबऱ्याचं काहीतरी बाधलं. तिनं पिशवीत हात घातला आणि लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलं. वाटलं, बायकांकडं असतंच लिंबू. मग ती समोर पाण्याकडं बघत म्हणाली, "पुढं काय हाय?"

लिंबा, मी नाकावरचं लिंबू बाजूला केलं. मी म्हटलं, काय म्हणालीस? "पुढं काय हाय, सांगा की." हे तुला कुणी शिकवलं? तर म्हणते, "भाऊजींनी. कपिलधारहून आलात त्या दिशी, तुमी म्हशीकडं गेलतात तवा. म्हणले, वहिनी, बोटीवर मी हायेच त्याच्यापशी. पर मधीच मी जेवाया गेलो, झोपलो, तर येक माणूस बदलीला पायजे. लिंबू धरायचं अन् येवढंच इचारायचं."

म्हटलं, म्हणजे तुला कळलं की मला गाडी लागते? त्यावर ती हसली. "ते लग्न झाल्या वर्षीच कळलंय. मला माहेराहून न्यायला आलतात, मागं बसलो होतो आपण. तुमी तोंड खिडकीभाईर घालून मला म्हणलात, शेतं बघतोय. तुमाला सांगायचं नव्हतं, मी इचारलं न्हाई. पर त्याला औषध काय ते मला ठाव नव्हतं. ते भाऊजींनी सांगितलं."

म्हणजे बघ. ज्या गोष्टीसाठी मी तुला आन घ्यायला लावली ती गोष्ट माझ्या घरात पहिल्यापासून होती. आणि ज्यावरून तुझ्याशी शेवटचं वाकडं बोललो, ते करून तू माझी बदलीची सोय लावून गेलास. ड्युटी सोडताना तू नेहमी पुढच्या कंडक्टरला सगळं नीट समजावून द्यायचास, कुठला प्रवासी कुठं उतरणार, कुणाची पेटी टपावर आहे. मला पण तसंच समजावून दिलंस.

"सांगा की," मंगल म्हणाली. मी पाण्याकडं बघितलं. खरं तर पहिल्यांदाच नीट बघितलं, तोवर नजर चुकवत होतो. म्हटलं, चढ हाय. मोठा हाय. चढलो आपण. "मग?" मग उतार. उतारानंतर दोन बारके गचके. "मग?" मग पुन्हा मोठा, उजव्या अंगानं येतोय, अजून लांब हाय. आणि लिंबा, तो आला. उजव्या अंगानंच आला, मी म्हटलं तसा. लाटेला पण येण्याची रीत आहे रे. लांबून दिसते, मग जवळ येते, मग पायाखाली. सौताड्याचा घाटच, फक्त वळणं आपल्याकडं चालत येतात. दुपारपर्यंत आम्ही असंच बसलो. मंगल मधूनमधून विचारायची, मी सांगायचो. शेजारच्या खुर्चीवरचे गुजराती काका पोट धरून बसले होते, त्यांना पण मी सांगत गेलो, अभी चढाव आयेगा. संध्याकाळी त्यांनी मला मोठ्या आदरानं विचारलं, आप नेव्ही में थे क्या? मी म्हटलं, नाही, बसमध्ये होतो.

तेव्हा तू असतास तर जेवणाच्या टेबलावर लोळून हसला असतास. मला हसू आलं. रात्री समुद्र निवला. भांडणात तू जिंकलास, हे सांगायला तू नव्हतास. बोट पाण्यावरची गाडीच आहे, मान्य. पण कंडक्टर लागतो, हे माझं तू मान्य कर.

परत मुंबईला आलो. भोंग्यावर काहीतरी इंग्रजीत सांगितलं, मोठा दोर टाकला, बोट हलायची थांबली. मी पहिला फोन वहिनींना केला. आवाज नीट येत नव्हता. म्हटलं, "वहिनी, बोट लागली." तिकडून मग घाबऱ्या आवाजात, "लई लागली का वो? डाक्टर हाय का तिथं?" म्हटलं, "धक्क्याला लागली, वहिनी. धक्क्याला." मग त्यांना उमगलं. हसल्या. तू गेल्यावर पहिल्यांदा त्यांचं हसू मी ऐकलं. हसता हसता कधी रडायला लागल्या ते कळलं नाही, मी फोन तसाच धरून उभा राहिलो. जरा वेळानं म्हणाल्या, "त्यांना लई हसाया आलं असतं." म्हटलं, हो, चहा नाकात गेला असता.

घरी येऊन आता आठवडा होईल. काल बीडला जायचं होतं, स्टँडवर गाडी लागलेली होती. कंडक्टर पोरगी तीच. मला ओळखून म्हणाली, आजोबा, पुढं बसा की, रिकामं हाय. मी मागच्या सीटावर गेलो आणि बसलो. शेजारची जागा कुणालाच दिली नाही, पिशवी ठेवली. सौताड्याच्या घाटात तोंडातल्या तोंडात सांगत गेलो, डावं वळण, मग वडाचं झाड, मग उतार. काही झालं नाही.

फक्त एक गोष्ट पोटात बसत नाही, लिंबा. तिला लिंबू चालत नाही. मी म्हणालो होतो, सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही. तू त्याच संध्याकाळी सांगितलंस. दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगणात शेवटचं बघितलं ते तोंड तुझं नव्हतंच, त्यावर हसू नव्हतं. इतकी वर्षं आपण एका गाडीवर काढली, मी थांब म्हटलं की तू चल म्हणायचास, मी नको म्हटलं की तू हटकून करायचास. माझा एक शब्द कधी ऐकला नाहीस. मग तोंड न बघण्याचा हाच शब्द कावून ऐकलास?